सहा तासांची भेट, सोळा वर्षांचा उशीर

११ मे १९३५, शनिवार. ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या आर्डमोर अव्हेन्यूवरच्या ८५५ क्रमांकाच्या घरात डॉक्टर रॉबर्ट ऊर्फ बॉब स्मिथ शिरला तेव्हा त्याच्या हातात एक कुंडी होती. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता आणि कुंडी बायकोसाठी, अ‍ॅनसाठी होती. ती त्याने टेबलावर ठेवली, कसाबसा जिना चढला आणि जो आडवा झाला तो उठलाच नाही. त्याच दिवशी अ‍ॅनला तिच्या मैत्रिणीचा, हेन्रिएटा सायबरलिंगचा फोन आला. न्यूयॉर्कहून एक माणूस आलाय, दारूतून सुटलेला आहे, बॉबला घेऊन ये. खरं काय ते सांगण्यावाचून अ‍ॅनला गत्यंतर नव्हतं. आज बॉब कुठेही येण्याच्या अवस्थेत नव्हता.

अ‍ॅन रिप्ली आणि बॉब स्मिथ यांचं लग्न १९१५ चं. त्याआधी जवळजवळ सतरा वर्षं त्यांची ओळख होती, म्हणजे तो पितो हे तिला ठाऊक होतं. बॉब कसबी शल्यविशारद झाला, पण पिणं सुटलं नाही. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा आता तरी आपण वाचू, असं त्याला स्वतःलाही वाटलं होतं. पण औषध म्हणून दारू मिळवायची मुभा डॉक्टरांना होती, आणि चोरटी दारू तर सगळ्यांनाच मिळत होती. अ‍ॅन त्याचे खिसे तपासायची म्हणून तो छोट्या बाटल्या पायमोज्यांत खोचून घरात आणायचा. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून झोपेची औषधं घ्यायचा आणि शस्त्रक्रियेला जायचा. रुग्ण कमी झाले, कर्ज वाढलं. नातेवाईक आणि मित्रमंडळींचं येणंजाणं हळूहळू थांबलं, कारण यजमान शुद्धीवर असेल याची खात्री अ‍ॅनला कधीच देता येत नसे. घरात वाढत्या वयाचा मुलगा होता, मुलगी होती. व्यसनी माणसाच्या घरात राहिलेल्या कुणालाही यातलं काहीच नवं वाटणार नाही. खिसे तपासणं आणि पाहुण्यांना टाळणं मराठी घरांतही असंच चालतं.

हेन्रिएटाने ज्याच्यासाठी फोन केला होता तो न्यूयॉर्कचा माणूस म्हणजे बिल विल्सन. वय ३९, व्यवसाय शेअर बाजारातला. पैसा भरपूर कमावला आणि सगळा घालवला. लोइस बर्नहॅमशी त्याचं लग्न जानेवारी १९१८ मध्ये झालं होतं, आणि पुढची जवळजवळ सतरा वर्षं लोइसचं आयुष्य एकाच कामात गेलं. ते काम म्हणजे बिलला दारूपासून दूर ठेवणं. शेवटी शेवटी ती दुकानात नोकरी करून घर चालवत होती. नोव्हेंबर १९३४ मध्ये बिलचा जुना पिणारा मित्र एबी थॅचर ब्रुकलिनच्या घरी आला. बिलने पेला पुढे केला, एबीने तो नाकारला. ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या धार्मिक मंडळींच्या सोबतीने त्याची दारू सुटली होती, आणि तेच सांगायला तो आला होता. डिसेंबरात बिल न्यूयॉर्कच्या टाऊन्स हॉस्पिटलात पुन्हा एकदा दाखल झाला. तिथले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ दारूच्या व्यसनाला पाप किंवा दुबळेपणा मानत नसत, त्यांच्या लेखी तो आजार होता. बिल यानंतर कधीच प्यायला नाही.

त्यानंतरचे पाच महिने या इतिहासात फार महत्त्वाचे आहेत आणि त्यांची गोष्ट सहसा दोन ओळींत उरकली जाते. बिल झपाटला होता. रात्रीच्या निवाऱ्यांतून, हॉस्पिटलातून पिणाऱ्यांना गाठायचा, घरी आणायचा, हॉस्पिटलात स्वतःला आलेला दिव्य अनुभव सांगायचा. एकाचीही दारू सुटली नाही. हताश होऊन तो लोइसजवळ बोलला तेव्हा तिने एक साधी गोष्ट त्याच्या नजरेला आणली. बाकी कुणी सुटला नसेल, पण तू तर प्यायलेला नाहीस. डॉक्टर सिल्कवर्थ यांनीही सुनावलं की प्रवचनं बंद कर, आधी आजाराबद्दल बोल, तुझं काय झालं ते सांग. या दोघांनी जे सांगितलं ते एकत्र केलं की पुढे जे घडलं त्याचा पाया दिसतो. पिणाऱ्याशी बोलण्याने ऐकणाऱ्याचं भलं होईल की नाही सांगता येत नाही, बोलणारा मात्र टिकतो. हे पहिल्यांदा ओळखलं एका बायकोने, आणि तिच्या वाट्याला त्याचं श्रेय फार उशिरा आलं.

मे महिन्यात बिल एका कंपनीच्या भागधारकांमधल्या लढाईसाठी अ‍ॅक्रनला आला. लढाई हरला, सोबतचे लोक परत गेले, खिशात मोजके डॉलर उरले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एका टोकाला बार होता, हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. त्याने फोन उचलला. वॉल्टर टंक्स नावाच्या पाद्र्यापासून सुरुवात करून एकेक दुवा धरत तो हेन्रिएटापर्यंत पोचला. तिला त्याने सांगितलं की त्याला बोलायला एक पिणारा माणूस हवाय. आपण कुणाला तरी वाचवायला आलोय असं तो म्हणाला नाही. आज प्यायचं नसेल तर दुसरा पिणारा आपल्यासमोर बसायला हवा, ही त्याची स्वतःची गरज होती.

रविवारी, १२ मे रोजी संध्याकाळी पाच वाजता अ‍ॅन आणि मुलगा बॉबला घेऊन आले. हेन्रिएटा ही गुडइयर कंपनीच्या संस्थापकाची सून. स्टॅन हायवेट या सायबरलिंग कुटुंबाच्या प्रचंड वाड्याच्या फाटकाजवळच्या छोट्या घरात ती राहायची. आदल्या दिवशीच्या दारूने बॉबचं डोकं ठणकत होतं. पंधरा मिनिटांवर एक मिनिटही थांबणार नाही, असं त्याने बायकोकडून कबूल करून घेतलं होतं. दोघे पुरुष एका खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

बंद दाराआड काय बोलणं झालं याचे तपशील दोघांनी नंतर सांगितले आहेत, आणि त्यातली बॉबची साक्ष जास्त मोलाची आहे. दारूबद्दलची वैद्यकीय माहिती त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, तो डॉक्टर होता. बायबल त्याला बिलपेक्षा जास्त पाठ होतं. दोन वर्षांहून अधिक काळ तो आणि अ‍ॅन ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना जात होते, त्यामुळे उपदेशही भरपूर ऐकून झाला होता. काही आठवड्यांपूर्वीच त्याने त्या मंडळींसमोर आपण चोरून पितो आणि थांबू शकत नाही हे कबूल केलं होतं, सगळ्यांनी गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थनाही केली होती. तरी पिणं चालूच होतं. बिलमध्ये वेगळं होतं ते इतकंच, की स्वतःच्या अनुभवातून दारूबद्दल बोलणारा हा त्याला भेटलेला पहिला माणूस होता. शिवाय समोरच्याला सुधारण्याची घाई त्याला नव्हती. सुधारायला आलेल्या माणसापासून पळता येतं. गरज घेऊन आलेल्याला मात्र दार लावून घेता येत नाही, त्यातून ती गरज आपल्याला ओळखीची असेल तर नाहीच.

ही वाट यापूर्वीही एकदा सापडली होती आणि हरवली होती. २ एप्रिल १८४० रोजी बाल्टिमोरमधल्या चेजच्या गुत्त्यात नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टनियन सोसायटी काढली. दर आठवड्याला बैठक, व्याख्यानाऐवजी आपापला अनुभव, आणि प्रत्येकाने येताना एखादा पिणारा सोबत आणायचा. बघता बघता ही लाट देशभर पसरली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्डला त्यांच्यासमोर एका तरुण वकिलाने भाषण केलं. त्याचं नाव अब्राहम लिंकन. दारुड्याला शिव्याशाप देण्यापेक्षा त्याच्याशी मित्रासारखं बोलणाऱ्यांचाच उपयोग होतो, हा त्या भाषणाचा गाभा होता. १८४१ पासून मार्था वॉशिंग्टन सोसायट्या निघाल्या. त्यांतल्या बायका पिणाऱ्यांच्या कुटुंबांना कपडेलत्ते, अन्न आणि आधार देत, पिणाऱ्या बायकांनाही जवळ करत. म्हणजे घरच्यांसाठी वेगळी सोबत हवी, हे १८४१ मध्येच कुणाला तरी सुचलं होतं. दहा वर्षं व्हायच्या आत सगळं विस्कटलं. गर्दी जमवणारे वक्ते आणि न पिणारे पुढारी पुढे आले, दारूबंदीचा कायदा हवा की नको यावर भांडणं झाली, आणि दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस करणारं कुणी उरलं नाही.

अ‍ॅक्रनला त्या उन्हाळ्यात बिल स्मिथ कुटुंबाच्या घरी राहायलाच आला. हे अ‍ॅनने घडवून आणलं, कारण घरात एक न पिणारा पिणारा असला तर बॉबवर लक्ष राहील. रोज सकाळी ती दोघांना बायबलमधला एखादा उतारा वाचून दाखवायची, त्यावर बोलणं व्हायचं. मग बॉबने अटलांटिक सिटीला भरणाऱ्या डॉक्टरांच्या अधिवेशनाला जायचं ठरवलं. अ‍ॅनचा विरोध होता. तो गेला, गाडीत बसल्यापासून प्यायला, आणि कित्येक दिवसांनी अशा अवस्थेत परतला की कुठे होतो हेही त्याला आठवेना. समोर शस्त्रक्रियेची तारीख होती. अ‍ॅन आणि बिलने मिळून त्याला शुद्धीवर आणलं, आणि हॉस्पिटलच्या दाराशी बिलने त्याच्या हाती बिअरची एक बाटली दिली, हात स्थिर राहावेत म्हणून. शस्त्रक्रिया पार पडली. बॉब मात्र घरी आला नाही. तासन्‌तास घरचे काळजीत. रात्री आला तेव्हा कळलं की शहरभर फिरून तो ज्यांचे पैसे बुडवले, ज्यांना दुखावलं त्यांना भेटत होता. ती बिअर शेवटची. दिवस १० जून १९३५, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, आपला जन्मदिवस हाच मानते.

स्लिप होणं, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा तोंडाला लागणं, हे पहिल्याच माणसाच्या बाबतीत घडलं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे लाखो घरांनी ते अनुभवलं. एबी थॅचर, ज्याच्यामुळे बिल सुटला, तो स्वतः नंतर अनेक वर्षं पीत-सोडत राहिला. बिलने त्याला कधी अंतर दिलं नाही, आणि माझा मार्गदर्शक एबीच, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

महिनाअखेरीला दोघे अ‍ॅक्रन सिटी हॉस्पिटलात एका वकिलाच्या खाटेपाशी बसले. या वकिलाने नर्सला मारहाण केली होती आणि त्याला बांधून ठेवलं होतं. तो तिसरा. नोव्हेंबर १९३७ मध्ये बिल आणि बॉबने मोजदाद केली तेव्हा न्यूयॉर्क आणि अ‍ॅक्रन मिळून चाळिसेक माणसं कोरडी राहिलेली निघाली. त्यांनी मग हॉस्पिटलं काढायची, पगारी प्रचारक नेमायचे अशी स्वप्नं रंगवली आणि जॉन रॉकफेलर ज्युनिअर यांच्याकडे पैसे मागितले. रॉकफेलरनी जरुरीपुरते पाच हजार डॉलर दिले आणि त्याहून जास्त द्यायला नकार दिला. पैशाने या कामाची माती होईल असं त्यांचं मत होतं. त्या वेळी हिरमोड झाला, पण आज मागे वळून पाहताना तो नकार देणगीहून मोठा वाटतो. बैठकीत फिरवलेल्या टोपीत पडेल तेवढ्यावर चालायचं, बाहेरची देणगी घ्यायची नाही, हा नियम पुढे तिथूनच पक्का झाला.

अ‍ॅक्रनमध्ये रुग्णांना दाखल करून घ्यायलाही जागा नव्हती. दारुड्याला खाट द्यायला हॉस्पिटलं तयार नसत. ऑगस्ट १९३९ मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलच्या दाखल विभागातल्या सिस्टर इग्नेशिया यांनी बॉबच्या एका रुग्णाला पोटाच्या तीव्र विकाराच्या नावाखाली आत घेतलं, आणि इतरांच्या नजरेपासून दूर, फुलं नीटनेटकी करण्याच्या खोलीत त्याची खाट लावली. १९५० मध्ये बॉब गेला तोवर या दोघांच्या हाताखालून सुमारे पाच हजार माणसं गेली होती. बॉबने त्यांच्याकडून फी घेतली नाही.

एप्रिल १९३९ मध्ये या मंडळींचं पुस्तक आलं आणि संघटनेला त्याचंच नाव मिळालं. बारा पायऱ्या त्यातल्याच. ईश्वराबद्दल त्यात ‘आम्हाला जसा समजला तसा’ ही सवलत आहे, ती गटातल्या नास्तिकांनी भांडून मिळवली. याच पुस्तकात बायकांसाठी एक प्रकरण आहे. ते बायकांच्या तोंडून लिहिलंय, आम्ही बायका अमुक समजतो, आम्ही बायकांनी तमुक सोसलं, अशा भाषेत. पण लिहिलं बिलने. आधी त्याने अ‍ॅनला विचारलं होतं, तिने नम्रपणे नाही म्हटलं. लोइसला त्याने विचारलंच नाही. पुस्तकाची शैली एकसारखी राहावी, हे कारण त्याने दिलं. लोइसला हे लागलं, आणि पुढे तिने ते उघडपणे सांगितलं. सतरा वर्षं जिने भोगलं तिच्या नावाने, तिच्या आवाजात, भोगायला लावणाऱ्याने लिहावं! या चळवळीबद्दल कितीही आदर असला तरी हे चुकलंच, असं म्हणायला हवं.

लोइसच्या मनात काय चाललं होतं हे तिला स्वतःला कळलं ते एका जोड्यामुळे. बिल सुधारल्यानंतरची गोष्ट. तो तिला सहज म्हणाला की आवर लवकर, मीटिंगला उशीर होईल. तिने पायातला जोडा काढून नेम धरून फेकला आणि त्याच्या मीटिंगच्या नावाने ओरडली. नंतर स्वतःच चकित झाली. नवरा प्यायचा तेव्हा तिने हे केलं नव्हतं. विचार करता करता तिला दिसलं की तिला राग बिलचा नाही, तिचं काम हिरावलं गेल्याचा आहे. जे सतरा वर्षांच्या मायेला जमलं नाही ते परक्यांना चार दिवसांत जमलं. नवरा रात्री घरी नसायचा तो आताही नसतो, तेव्हा गुत्त्यात असायचा, आता दुसऱ्या दारुड्यांपाशी. शिवाय ब्रुकलिनचं तिच्या वडिलांचं घर १९३९ मध्ये बँकेने घेतलं होतं. पुढची दोन वर्षं दोघं मित्रांच्या घरी बिऱ्हाड हलवत राहिली, आणि त्या घरांची संख्या पन्नासच्या वर गेली. दारू सुटली की घर सुखी होतं, ही समजूत किती अपुरी आहे याचा याहून चांगला पुरावा नाही.

१ मार्च १९४१ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडर या पत्रकाराचा लेख आला आणि वर्षभरात एएची दोन हजारांची संख्या आठ हजारांवर गेली. गावोगावी बैठका भरू लागल्या. सुरुवातीला नवरा-बायको जोडीने बसत. मग फक्त पिणाऱ्यांच्या बैठका वेगळ्या झाल्या, आणि बायका शेजारच्या खोलीत, नाहीतर स्वयंपाकघरात. कॉफी करायची, केक कापायचा, वाट पाहायची. वाट पाहताना त्या बोलू लागल्या. आधी नवऱ्यांबद्दल, मग हळूहळू स्वतःबद्दल. रात्री दार वाजलं की छातीत होणारी धडधड, मुलांवर निघणारा राग, खोटं बोलायची जडलेली सवय, नवऱ्याच्या साहेबाला केलेले आजारपणाचे फोन. नवऱ्यांच्या बाबतीत जे घडलं होतं तेच त्यांच्या बाबतीत घडत होतं, फक्त त्याला अजून नाव नव्हतं. १९४० च्या दशकात बऱ्याच शहरांत असे बायकांचे गट आपसूक उभे राहिले, वेगवेगळ्या नावांनी, एकमेकींचा पत्ता नसताना. एएच्या कचेरीत त्यांची पत्रं यायची आणि तिथे त्यांना उत्तर काय द्यायचं हे कुणाला ठाऊक नसायचं.

देशभरच्या दौऱ्यांत बिलने हे गट पाहिले आणि लोइसला म्हटलं की हे काम तू हाती घे. ती तेव्हा साठीजवळ आली होती आणि बेडफर्ड हिल्सच्या घरात बागकाम करत निवांत राहायचं ठरवून होती. १९५१ मध्ये एएच्या परिषदेला आलेल्या प्रतिनिधींच्या बायकांना तिने घरी जेवायला बोलावलं, त्यांचं ऐकलं, आणि शेजारीण अ‍ॅन बी. हिला सोबत घेऊन कामाला लागली. कचेरीतून आलेली ८७ नावं आणि घराच्या वरच्या मजल्यावरचं एक टेबल, एवढं भांडवल. यातून अल-अनॉन फॅमिली ग्रुप्स उभे राहिले. हेन्रिएटाच्या घरातल्या त्या संध्याकाळनंतर सोळा वर्षांनी.

अल-अनॉनने एएच्या बारा पायऱ्या जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या. बाराव्या पायरीत ‘पिणाऱ्यांपर्यंत’ होतं तिथे ‘इतरांपर्यंत’ केलं, एवढाच बदल. पहिली पायरी, दारूपुढे आपण हतबल आहोत ही, तशीच ठेवली. न पिणाऱ्या बाईने दारूपुढे हतबल असल्याचं कबूल करायचं, हे ऐकताना विचित्र वाटतं. पण खिसे तपासणारीला, बाटल्या मोरीत ओतणारीला, शपथा घालणारीला ते बरोबर कळतं. नवऱ्याचं पिणं आपल्या हाती नाही, आपण त्याला कारण नाही आणि त्याचा इलाजही आपण नाही, हे एकदा मान्य केलं की उरतं ते स्वतःचं आयुष्य, आणि ते सावरायला नवरा सुधारायची वाट पाहावी लागत नाही. अल-अनॉनमध्ये अशा कितीतरी बायका आल्या ज्यांच्या नवऱ्यांनी कधीच दारू सोडली नाही. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाने, ज्याचे वडील एएमध्ये आणि आई अल-अनॉनमध्ये होती, मुलांसाठी तिसरा गट काढला. तो अलटीन.

जुलै १९५० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात एएने बारा परंपरा स्वीकारल्या. त्यांत वॉशिंग्टनियनांच्या नाशाची जवळजवळ प्रत्येक वाट बुजवलेली आहे. दारूबंदीसह कुठल्याही सार्वजनिक वादावर संघटनेचं मत नसेल. पुढारी नसतील, सेवक असतील. वर्तमानपत्रात, रेडिओवर किंवा चित्रपटात कुणी आपलं पूर्ण नाव देणार नाही.

या पद्धतीवर टीका झाली आणि व्हायलाही हवी होती. देवाचा उल्लेख अनेकांना खटकतो, औषधोपचारांना नाक मुरडणारे गट काही ठिकाणी सापडतात, आणि येणाऱ्यांतले बरेच जण चार-सहा बैठकांनंतर दिसेनासे होतात. अनेक वर्षं डॉक्टरमंडळी पुराव्याच्या अभावाकडे बोट दाखवत असत. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं यांची माहिती एकत्र तपासली. पूर्णपणे दारू बंद राहण्याच्या बाबतीत एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार हे वर्तनोपचारासारख्या इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, बाकीच्या बाबतीत त्यांच्या बरोबरीचे.

मुंबईत एए आली मे १९५७ मध्ये, कॅनडातून दिल्लीला आलेल्या एका सदस्याच्या संपर्कातून. तेव्हा इथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. दारू कायद्याने बंद असलेल्या शहरात ती सुटत नाही म्हणून माणसं एकत्र बसत होती, अगदी अमेरिकेतल्या दारूबंदीतही पीत राहिलेल्या डॉक्टर बॉबसारखीच.

मराठी घरांपर्यंत ही सोबत खऱ्या अर्थाने पोचायला आणखी तीसेक वर्षं गेली आणि तिला कारण ठरलं ते गर्द. १९८० च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबई-पुण्यात शिरली. लेखक अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्या रुग्णालयाच्या आवारातच २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिताताईंनी एएच्या अनुभवातून बरंच घेतलं. शेअरिंग, ‘फक्त आजचा दिवस’, व्यसनमुक्तीचा वाढदिवस. पण संस्था इथल्या मातीत रुजवली. दाखल झालेला तो रुग्णमित्र. बरे झालेले रुग्णमित्रच तिथले कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्याने आलेला, अंग मोडून येत असलेला मुलगा डॉक्टरांपुढे गप्प बसे, तो याच माणसांपुढे बोलता होई. आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट. इथे बायकांना स्वयंपाकघरात वाट पाहावी लागली नाही. मराठी घरात नवऱ्याचं पिणं हा बायकोच्याच माथी मारला जाणारा दोष असतो, सासर म्हणतं तुझ्यामुळे पितो, माहेर म्हणतं निभावून ने. हे चार जणींनी चार घरांतलं एकच ऐकवलं की मान वर होते. १९९७ मध्ये अनिताताई कर्करोगाने गेल्या. पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हाती घेतलं, आणि २००९ पासून व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग चालू झाला.

मनोविकारांच्या बाबतीत तर अशा सोबतीची सुरुवातच घरच्यांनी केली. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. या आजाराच्या घरात राहण्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव आणि तिकडे पाहिलेलं काम घेऊन त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभारली. लोकांपर्यंत विषय जावा म्हणून ‘देवराई’ हा चित्रपट काढला. २००४ चा हा चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यात आजारी शेषइतकीच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची गोष्ट आहे. आजारी माणूस तो शुभार्थी, सांभाळणारा तो शुभंकर, अशी नावं या वर्तुळात रूढ झाली. दोघांनाही बसायला जागा हवी, हे इथे कुणाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही. शुभंकरांच्या बैठकीत नवीन आलेल्या आईला जुने पालक आधी बोलू देतात. गोळ्या घेत नाही तेव्हा काय करायचं, भास होत असताना वाद घालायचा की नाही, लग्नाचं विचारणाऱ्या नातेवाइकांना काय सांगायचं, आणि आपल्यानंतर याचं कोण बघणार. शेवटच्या प्रश्नावर बैठकीचा बहुतेक वेळ जातो.